इंजिन एकच, टॉर्क दोन

टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं भारतातलं माहितीपत्रक बघितलं की एक गंमत दिसते. इंजिन एकच आहे, २.८ लिटरचं डिझेल, २०४ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं मेट्रिक माप). पण टॉर्कच्या रकान्यात आकडे दोन: मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ५००. छपाईची चूक वाटावी, पण तशी ती नाही.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. गंजलेला नट पान्याने सोडवताना मनगटाला कळतो, तोच. हा जोर किती वेगाने फिरतो, त्यावर पॉवर ठरते. मॅन्युअल हायलक्स आपले ४२० न्यूटन-मीटर मिनिटाला १,४०० ते ३,४०० फेऱ्यांपर्यंत टिकवते. ३,४०० ला गुणाकार केला की येतात सुमारे १५० किलोवॅट, म्हणजेच ते २०४ पीएस. ऑटोमॅटिकचे ५०० मात्र १,६०० ते २,८०० एवढ्यातच मिळतात. त्यामुळे शिखरावर दोघी सारख्याच. फरक पडतो तो मधल्या पट्ट्यात: २,००० फेऱ्यांवर एकीकडे ८८ किलोवॅट, दुसरीकडे जवळजवळ १०५. घाटात ट्रकला मागे टाकताना कामाला येतो तो हाच पट्टा.

मग मॅन्युअलच्या वाट्याला कमी का? गॅरेजमध्ये उतरवून ठेवलेली क्लच प्लेट जरा हातात घ्या. ताटलीएवढी चकती, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर, मधोमध चार-सहा स्प्रिंगा. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबून धरलेली असते आणि इंजिनाचा सगळा जोर पुढे जातो तो निव्वळ घर्षणाने. जोर त्या पकडीपलीकडे गेला की चकती घसरते आणि तो ओळखीचा करपट वास येतो. पकड घट्ट करायची तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक करावी लागते, आणि मग पेडल इतकं जड होतं की शहरातल्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो.

शिवाय ड्रायव्हर कोण असेल, हे कंपनीला ठाऊक नसतं. भरलेली गाडी चढावर उचलताना कुणी क्लच झटक्यात सोडला, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका दमात गिअरच्या दात्यांवर आदळते. हा धक्का इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षाही मोठा असू शकतो. ऑटोमॅटिकमध्ये या क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टरचं तेल असतं, ते असले झटके पिऊन टाकतं. गिअर बदलतानाही संगणक क्षणभर इंधन आवरतो. माझ्या मते खरा फरक गिअरबॉक्सच्या मजबुतीपेक्षा या शिस्तीत आहे.

अमेरिकेत हा प्रकार आणखी उघडपणे चालायचा. २०१३ च्या रॅम पिकअपमध्ये ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन होतं. (कमिन्स म्हणजे १९६२ पासून पुण्याशी नातं असलेली तीच इंजिन कंपनी.) मॅन्युअल घेतलं तर ३५० अश्वशक्ती आणि साधारण ८९५ न्यूटन-मीटर. कंपनीच्या स्वतःच्या ऑटोमॅटिकबरोबर ३७० आणि १,०८५. आयसिन या जपानी कंपनीचा जाडजूड ऑटोमॅटिक घेतला तर ३८५ आणि १,१५० च्या आसपास. तिन्ही गाड्यांत इंजिन त्याच घराण्यातलं, गिअरबॉक्स पेलेल तेवढाच त्याचा लगाम सैल केलेला. २०१९ च्या मॉडेलला टॉर्कचा आकडा १,३५६ वर गेला, तोही फक्त आयसिनच्या जोडीला. मॅन्युअल तर त्या वर्षी यादीतच नव्हता.