वसतिगृहात, शिबिरात, प्रशिक्षण केंद्रात लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी भरपाईचा अर्ज : निकालाची वाट पाहू नका

शिबिर, वसतिगृह, आश्रमशाळा, क्रीडा अकादमी, संस्कारवर्ग अशा ठिकाणी ज्या मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाला, त्यांना शासनाकडून भरपाई मिळू शकते, हे आता बऱ्याच पालकांना ठाऊक असते. ती कधी मागायची, याबद्दल मात्र सर्वत्र चुकीची समजूत आहे, आणि ती पसरवण्यात कार्यालयांतील कर्मचाऱ्यांचाही वाटा आहे. एका आईने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलेला अर्ज माझ्या चांगला लक्षात आहे. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'निकालानंतर यावे' असे लिहिलेले होते, आवक क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता, आणि बाईंनी तो कागद चौदा महिने जपून ठेवला होता. निकाल लागलेला नव्हता आणि लवकर लागण्याची चिन्हेही नव्हती. कायद्यात निकालापर्यंत थांबण्याची अट कुठेही नाही.

पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३३(८) नुसार विशेष न्यायालय आरोपीला शिक्षा देण्याबरोबरच मुलाला भरपाई देण्याचा आदेश करू शकते. २०२० च्या पॉक्सो नियमांतील नियम ९ त्याहून पुढे जातो. एफआयआर नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर न्यायालय स्वतःहून किंवा मुलाच्या वतीने आलेल्या अर्जावरून अंतरिम भरपाई मंजूर करू शकते, आणि अंतिम भरपाई ठरते तेव्हा ही रक्कम त्यातून वजा होते. आरोपी निर्दोष सुटला, दोषमुक्त झाला (म्हणजे खटला चालण्याआधीच सोडला गेला) किंवा सापडलाच नाही, तरीही मुलाला हानी पोहोचली आहे असे न्यायालयाचे मत झाल्यास भरपाईची शिफारस करता येते. 'केस सुटली, आता काही मिळणार नाही' असे सांगून परत पाठवले गेल्यास हा नियम दाखवावा, आणि नकार लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा नकाराचे रूपांतर 'ठेवा अर्ज, बघतो' यात होते.

अर्ज कोणाकडे करायचा

तीन दारे आहेत आणि ती एकमेकांना पर्याय नाहीत, ही गोष्ट लक्षात न घेतल्याने वेळ वाया जातो.

पहिले दार बालकल्याण समितीचे, म्हणजे मुलांची काळजी व संरक्षण पाहणाऱ्या जिल्ह्यातील समितीचे. गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांनी प्रकरण या समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. समिती मुलाच्या अन्न, कपडे, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी विशेष मदतीची शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात ती रक्कम देणे बंधनकारक आहे. ही रक्कम भरपाईपेक्षा वेगळी आहे. मुलाला अचानक वसतिगृहातून घरी आणावे लागते, आईची मजुरी बुडते, दर तारखेला एसटीचे भाडे भरावे लागते, त्या काळात या मदतीची खरी गरज असते, पण ती मागितलीच जात नाही, कारण ती आहे हेच कोणी सांगत नाही. सहायक व्यक्ती नेमण्याची विनंतीही याच समितीकडे करावी. तपासापासून खटल्यापर्यंत मुलासोबत राहणे, पुढे काय होणार ते त्याला समजावून सांगणे आणि समुपदेशनाशी जोडून देणे हे त्या व्यक्तीचे काम असते. अर्जात 'सहायक व्यक्ती नेमावी' हे वाक्य आवर्जून लिहावे, कारण मागणी नसेल तर हा मुद्दा सहज राहून जातो.

दुसरे दार विशेष न्यायालयाचे. तेथे विशेष सरकारी वकिलामार्फत किंवा स्वतःच्या वकिलामार्फत अर्ज करता येतो, पॉक्सोच्या कलम ४० प्रमाणे मुलाच्या बाजूने स्वतंत्र वकील ठेवता येतो.

तिसरे दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, जे बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार न्यायालयाने शिफारस केली की रक्कम ठरवण्याचे काम प्राधिकरण करते. आरोपीचा शोधच लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तर पीडित थेट येथे अर्ज करू शकतो आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. महाराष्ट्रात २०१३ साली सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेचे अर्जही याच प्राधिकरणाकडे जातात. या योजनेत बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते.

मुलगा असेल तर

संस्थांतील अत्याचारांच्या प्रकरणांत मुलग्यांची संख्या लहान नसते, तरीही टेबलावरचा नमुना अर्ज 'पीडित महिला' या शब्दांनी सुरू होतो आणि कर्मचारी तो मुलाच्या वडिलांना परत देतो. याचे उत्तर तयार आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची भरपाई योजना महिलांसाठी आखलेली असली, तरी ५ सप्टेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच योजना बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत मार्गदर्शक म्हणून वापरण्याचा आदेश दिला आणि पॉक्सो कायदा लिंगनिरपेक्ष आहे, हे लक्षात ठेवण्यास सांगितले. या आदेशाचा उल्लेख अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात करावा. 'महिला' हा छापील शब्द खोडून त्या जागी 'बालक' लिहिल्याने अर्ज बाद होत नाही.

याच योजनेच्या तक्त्यात बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख रुपये अशा मर्यादा आहेत, आणि पीडित अल्पवयीन असल्यास त्या ५० टक्क्यांनी वाढतात. अडचण येते ती लैंगिक स्पर्शाच्या गुन्ह्यांत, कारण त्यांच्यासाठी तक्त्यात स्वतंत्र ओळ नाही आणि 'तुमचे प्रकरण यात बसत नाही' असे सांगितले जाते. अशा वेळी तक्त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा न्यायालयात नियम ९(३) वर अर्ज आधारावा. या उपनियमात रक्कम ठरवताना पाहायच्या बाबी दिल्या आहेत : अत्याचाराचे स्वरूप, तो एकदाच झाला की दीर्घकाळ चालला, अत्याचार करणाऱ्याचे मुलाशी असलेले नाते, बुडालेली शाळा, कुटुंबाची आर्थिक स्थिती, आणि शारीरिक व मानसिक उपचारांवर झालेला किंवा पुढे होऊ शकणारा खर्च. 'पुढे होऊ शकणारा' हे शब्द फार मोलाचे आहेत. मुलगा रात्री झोपत नाही, प्रशिक्षकाच्या शिट्टीसारखा आवाज आला तरी दचकतो, पुन्हा मैदानावर जायला तयार नाही, अशा नोंदी असलेले समुपदेशकाचे दोन पानी पत्र आणि पुढील वर्षभराच्या सत्रांचा अंदाजे खर्च जोडला, तर न्यायालयापुढे ठोस काहीतरी येते. 'मानसिक त्रास झाला' एवढ्या एका ओळीवर मोठी रक्कम मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

अडणारे कागद

एफआयआरची प्रत, मुलाचे आणि पालकाचे ओळखपत्र, वैद्यकीय कागद आणि बँक पासबुक लागते. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, त्यामुळे प्रत ठाण्यातूनच घ्यावी लागते. फिर्यादीला ती विनामूल्य मिळते.

खरा घोळ वयाच्या पुराव्यावर होतो. पालक आधार कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला पुढे करतात, कारण घरात तेवढेच असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये मात्र क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यासच हाडांवरून वय ठरवण्याची वैद्यकीय चाचणी. शाळा बदलताना दिला जाणारा दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा या यादीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात म्हटले आहे, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे २०२४ मध्ये. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच नसेल तर उशिरा नोंद करण्याची प्रक्रिया लगेच सुरू करावी, अर्ज तोपर्यंत अडवून ठेवू नये. 'जन्मदाखल्यासाठी अर्ज केला आहे' असे लिहून त्याची पोच जोडावी.

दुसरी अडचण निवासी संस्थांपुरती आहे आणि ती मला सर्वात संतापजनक वाटते. प्रवेशाच्या वेळी संस्थेने भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये मुलाचा पत्ता म्हणून संस्थेचा पत्ता आणि स्थानिक पालक म्हणून अधीक्षकाचे नाव असते. पोलीस तोच पत्ता उचलतात, आणि मग न्यायालयाची नोटीस व प्राधिकरणाचे पत्र त्याच संस्थेच्या टेबलावर जाऊन पडते, जिचा कर्मचारी आरोपी आहे. पालकांना पत्र मिळत नाही आणि 'अर्जदार गैरहजर' अशी नोंद होते. पहिल्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला आणि प्राधिकरणाला घरचा पत्ता व मोबाइल क्रमांक लेखी देऊन 'संस्थेच्या पत्त्यावर कोणताही पत्रव्यवहार करू नये' असे कळवावे आणि पोच घ्यावी. बँक खात्याचेही तसेच आहे : शिष्यवृत्तीसाठी संस्थेने उघडून दिलेले खाते वापरू नये, पालक आणि मूल यांच्या नावे नवीन खाते उघडावे, आणि नावाचे स्पेलिंग आधार, पासबुक व अर्ज यांत एकसारखे आहे का ते अक्षर अक्षर लावून पाहावे.

तिसरा कागद जातीचा दाखला. मूल अनुसूचित जाती किंवा जमातीचे असेल आणि आरोपी त्या वर्गांबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार स्वतंत्र अर्थसाहाय्य मिळते. बलात्काराच्या गुन्ह्यात ते ५ लाख रुपये असून त्यातील निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतरच द्यायची असते. पॉक्सोची भरपाई मागितली म्हणून हा हक्क जात नाही. आश्रमशाळेतील मुलाचा दाखला पुष्कळदा काढलेलाच नसतो, म्हणून वडिलांच्या किंवा काकांच्या दाखल्याच्या आधारे तो ताबडतोब काढायला घ्यावा.

मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा संस्थेचे नाव बाहेर जाणार नाही याची काळजी पालकांनीही घ्यावी. अर्जात ओळख सीलबंद पाकिटात देता येते, आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रती विसरू नयेत.

मुदत आणि पैसा

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वर सांगितलेल्या योजनेत तीन वर्षांची मुदत आहे. ती घटनेपासूनच मोजतात असे समजून अनेक जण अर्ज करण्याआधीच माघार घेतात. प्रत्यक्षात योजनेत गुन्ह्याच्या तारखेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षे असे शब्द आहेत, आणि योग्य कारण दाखवल्यास त्यापुढील विलंबही माफ करता येतो. शिबिरात काय झाले हे मूल पाच-सात वर्षांनी, मोठे झाल्यावर सांगते, हा संस्थांतील प्रकरणांचा नेहमीचा अनुभव आहे. अशा अर्जदाराने विलंब माफीच्या अर्जात आपण का बोललो नाही ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, वकिलाचे ठोकळेबाज वाक्य उतरवू नये. घटना नोव्हेंबर २०१२ पूर्वीची असेल तर पॉक्सो लागू होत नाही, भारतीय दंड विधानाची कलमे लागतात.

रक्कम मंजूर झाल्यावर ती सगळी हातात येत नाही, हे ऐकून पालक चिडतात. राष्ट्रीय योजनेप्रमाणे अल्पवयीनाची ८० टक्के रक्कम मुदत ठेवीत राहते आणि ती मूल सज्ञान झाल्यावर, पण ठेवीला किमान तीन वर्षे झाल्यावरच काढता येते. शिक्षण, औषधोपचार किंवा निकडीच्या गरजेसाठी प्राधिकरणाच्या परवानगीने आधी काढण्याची सोय आहे, ती मागावी. न्यायालयाचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने पैसे द्यायचे असतात. अडते ते 'मिळाल्यापासून' या शब्दावर. आदेशाची प्रत एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पोहोचायला महिने लागतात, म्हणून प्रमाणित प्रत स्वतः काढून प्राधिकरणात नेऊन द्यावी आणि पोचेवर तारीख घ्यावी.

या काळात संस्थेचे लोक घरी येतात. 'मुलाच्या शिक्षणाचा खर्च आम्ही करू, एवढ्या कागदावर सही करा' असा प्रस्ताव असतो. शिक्षकावरील अशाच आरोपातील आपसांतली तडजोड मान्य करून रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा जिवंत केला, तेव्हा त्या कागदाने खटला संपत नाही, फक्त मुलाची बाजू कमकुवत होते. घटना दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला पॉक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांच्या घाईचे कारण बहुधा तेच असते. संस्थेकडून स्वतंत्र नुकसानभरपाई हवी असल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग आहे. अल्पवयीनासाठी मुदतीत सवलत असली तरी ती वयाच्या अठरा वर्षांनंतर तीन वर्षांपलीकडे ताणता येत नाही, म्हणून याचा सल्ला लवकर घ्यावा.

जिल्हा प्राधिकरणाने अर्ज फेटाळला किंवा रक्कम फारच कमी दिली, तर ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी वकील परवडत नाही असे म्हणून थांबू नये : विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुले आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून तो मागता येतो. मूल अजून धोक्यात असेल तर आधी १०९८ लावावा.