परदेशातला क्विल्ट: गोधडीच्या जवळचा की रजईच्या?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन संकुलात २००३ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स’ भरतो, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या तिकडच्या पांघरुणांचं, क्विल्टचं, प्रदर्शन. तिथले फोटो दारव्ह्याकडच्या मावशीला दाखवले, तर ती लगेच म्हणाली, “अवं, ह्या तं गोधड्या हायेत!” रंगीत तुकडे आणि टाक्यांच्या रांगा पाहून कोणीही हेच म्हणेल. आतून मात्र दोन्ही फार वेगळ्या आहेत.

क्विल्टला तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापूस, लोकर किंवा पॉलिएस्टरचं भरण आणि खाली अस्तर. म्हणजे बांधणीनं तो आपल्या रजईच्या जवळचा. रजईतही पिंजाऱ्यानं पिंजलेला कापूस भरतात आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून वरून टाके घालतात. क्विल्टमधल्या टाक्यांचं मूळ कामही तेच, नक्षी त्यावर फुलली.

गोधडीत कापूस नसतोच, यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातसुद्धा नाही. कापूस बाजारात जातो, घरात उरतात जुनी लुगडी, धोतरं, विटलेले सदरे. तेच एकावर एक अंथरायचे. भरण कापडाचंच असल्यामुळे गोधडी नदीवर नेऊन आपटून धुता येते. रजईला पाणी लागलं की कापसाचे गोळे होतात. फोटो पाहताना मावशीचा दुसरा प्रश्न हाच होता, “धुवाले येते काय वं हे?” येतं, पण जपून.

खरी गंमत शिवण्याच्या दिशेत आहे. क्विल्ट करणारी आधी आकृती ठरवते, तुकडे मापानं कापते, पाव इंचाची शिवण धरून शेजारी-शेजारी जोडते. मग थर ताणून मधून कडेकडे टाके घालत जाते, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. गोधडीत ठिगळ शेजारी जोडत नाहीत, कडा दुमडून वर ठेवतात. बाई जमिनीवर अंथरलेल्या कापडावरच बसते, कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यावर येते. पुढचा तुकडा कोणता, हे हाताशी काय आहे त्यावर ठरतं. माझ्या मते यात कौशल्य तसूभरही कमी नाही.

दोन्हींच्या मधली एक जागा मला फार मोलाची वाटते: अमेरिकेतल्या अलाबामातलं जीज बेंड. तोही काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. गुलामीत राबलेल्यांच्या वंशातल्या तिथल्या बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांचे, डेनिमच्या पँटींचे क्विल्ट केले, कित्येकदा मनातल्या मांडणीनं. २००२ मध्ये ते ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागले, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आले. रचनेनं क्विल्ट, वृत्तीनं गोधडी.

अशा प्रदर्शनाला जाणार असाल, तर क्विल्टची मागची बाजू दाखवता येईल का, हे तिथल्या स्वयंसेवकांना जरूर विचारा. हाताचा टाका की मशीनचा, हे तिथे चटकन कळतं. आणि आपली गोधडी तिकडे पाठवायची वेळ आली, तर ती भिंतीवर टांगू नये. जमिनीवर अंथरावी, लोकांना हात लावून उलटून पाहू द्यावी.