मावफ्लांगचं जंगल आणि कार्बनचा पैसा

नवी झाडं लावली तर मोबदला, उभं जंगल राखलं तर काहीच नाही. हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारातून जो कार्बन बाजार, म्हणजे टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या खरेदी-विक्रीचा बाजार, उभा राहिला, त्याचा विकसनशील देशांसाठीचा नियम असाच होता. न झालेली तोड मोजायची कशी, आणि इथे थांबलेली कुऱ्हाड पलीकडच्या डोंगरावर चालली तर काय, या शंका तेव्हा भारी ठरल्या. २००५ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा विषय पुन्हा मांडला आणि २००७ मध्ये बालीत तो वाटाघाटींत आला. तोड कमी करणाऱ्यांना पैसे आणि पूर्वीपासून जंगल सांभाळणारे मात्र कोरडे, हे भारताला मान्य नव्हतं. जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास रोखून उत्सर्जन कमी करण्याच्या या योजनेचं इंग्रजी लघुरूप 'रेड' (REDD). पुढे संवर्धन आणि जंगलाची वाढही हिशोबात धरली गेली व 'रेड'चं 'रेड प्लस' झालं.

भारतातला पहिला सामुदायिक रेड प्लस प्रकल्प मेघालयाच्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात झाला. तो तिथेच का झाला, याचं उत्तर कार्बनच्या कितीतरी आधीच्या इतिहासात आहे.

शिलाँगहून साधारण २५ किलोमीटरवर मावफ्लांगची देवराई आहे. खासी भाषेत अशा वनाला 'लॉ किंतांग' म्हणतात. आत जुने उभे शिलास्तंभ आहेत, आणि इथून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा दंडक आहे. कोकणातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक सातबाऱ्याचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी देवरायांची जमीन महसूल किंवा वनखात्याच्या नावावर आहे, राखण मात्र गावाची. खासी टेकड्यांत जमीनही लोकांचीच. इंग्रजांच्या काळात तिथली 'हिमा', म्हणजे पारंपरिक संस्थानं, आपला अंतर्गत कारभार बऱ्याच अंशी राखून होती. पुढे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या, आणि १९५८ च्या वनकायद्यात लॉ किंतांगसारखे पारंपरिक प्रकार नोंदले गेले. आजही मेघालयातल्या जंगलांपैकी फारच थोडा भाग वनखात्याच्या थेट ताब्यात आहे. बाकीचं कुळांचं, गावांचं, खासगी मालकीचं.

मालकी होती म्हणून ऱ्हास थांबला असं मात्र झालं नाही. देवराईबाहेरच्या जंगलावर लाकूडफाटा, कोळसाभट्ट्या, दगडखाणी, मोकाट चराई आणि कोरड्या महिन्यांतले वणवे यांचा मारा चालूच होता. सोहरा, म्हणजे आपलं शाळेतलं चेरापुंजी, याच जिल्ह्यात. तरी हिवाळ्यात झरे आटायचे. शिलाँगच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग मावफ्लांगच्या धरणातून येतो, त्यामुळे हे दुखणं गावापुरतं उरलं नव्हतं.

मावफ्लांगने आधी लहान क्षेत्रावर प्रयोग केला: वणवारेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या, काढायच्या, चराई आवरायची, जुन्या खोडांना आपोआप फुटू द्यायचं. कम्युनिटी फॉरेस्ट्री इंटरनॅशनल ही संस्था त्यात सोबत होती. मग शेजारच्या हिमांशी बोलणी झाली. २०११ मध्ये दहा हिमांचा संघ स्थापन झाला आणि ६२ गावांचं सुमारे २७,००० हेक्टर क्षेत्र त्यात आलं. मला या साऱ्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. एका हिमाच्या दरबारचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. तरीही एकाच नदीच्या खोऱ्यात दहा हिमांनी एकत्र काम करायचं ठरवलं.

त्यानंतर दोनेक वर्षांत स्कॉटलंडमधल्या 'प्लॅन व्हिवो' या संस्थेच्या मानकाखाली प्रकल्पाला मान्यता मिळाली. हे मानक १९९० च्या दशकात मेक्सिकोतल्या चियापासमध्ये छोट्या शेतकऱ्यांबरोबर केलेल्या कामातून घडलं होतं. क्रेडिट विकून येणाऱ्या रकमेचा किमान ६० टक्के वाटा स्थानिकांकडे जावा, ही त्यातली अट. खासी टेकड्यांत हा पैसा वणवारेषा, रोपवाटिका, कमी लाकूड खाणाऱ्या चुली, बचत गट अशा कामांकडे वळला.

एक क्रेडिट म्हणजे वातावरणात न गेलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. तो मोजण्यासाठी आधी एक अंदाज बांधावा लागतो: प्रकल्प नसता तर किती जंगल गेलं असतं? सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. जानेवारी २०२३ मध्ये युरोपातल्या पत्रकारांनी 'व्हेरा' या दुसऱ्या, फार मोठ्या संस्थेच्या वर्षावन प्रकल्पांतली ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिट पोकळ असावीत असा निष्कर्ष मांडला. व्हेराने तो फेटाळला, पण बाजाराचा विश्वास डळमळला. अंदाजाचा हा प्रश्न खासी प्रकल्पालाही विचारला गेलाच पाहिजे.

महाराष्ट्रात हा विषय निघतो तेव्हा गडचिरोलीचं नाव आधी येतं. मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये, कितीतरी वर्षांच्या झगड्यानंतर. त्या हक्कात जंगल राखण्याचा, बांबू-तेंदू विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे; कार्बनचं नाव कुठेच नाही. २०१८ च्या राष्ट्रीय रेड प्लस धोरणात स्थानिक समुदायांच्या लाभाची भाषा आहे. पण वनजमिनीवरच्या कार्बनची विक्री ग्रामसभेने करायची की सरकारने, हे कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहून घेतल्याशिवाय कोणत्याही ग्रामसभेने कंपनीच्या करारावर सही करू नये.