डिस्प्ले येत नाही: गेमिंग पीसीच्या जोडणीमागचा इतिहास

नवा पीसी जोडला, बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर जाणकार माणूस ठरलेल्या गोष्टी करतो. ग्राफिक्स कार्ड काढतो, रॅमची एकच पट्टी ठेवतो, डिस्कच्या केबल सोडवतो आणि पुन्हा चालू करून बघतो. मग एकेक भाग परत लावत जातो. पाच कंपन्यांचे पाच भाग असे सुटे करता येतात आणि त्यांतला एक बदलला तरी बाकीचे चालतात, याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही सोय भांडून मिळालेली आहे. ती मिळाल्यावरही दोष एका जागी थांबला नाही. आधी तो जम्परच्या, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या बारीक टोप्यांच्या, मांडणीत सापडायचा, मग मेमरीच्या हिशेबात, मग उष्णतेत, मग वीजपुरवठ्यात. आज काळ्या स्क्रीनसमोर आपण जी शोधाशोध करतो, तिच्या प्रत्येक पायरीमागे यातला एकेक काळ आहे.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ला झाली. त्या दिवशी आयबीएमने मॉडेल ५१५०, म्हणजे पहिला ‘आयबीएम पीसी’ जाहीर केला. फ्लॉरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाला तो साधारण वर्षभरात उभा करायचा होता. सगळं स्वतः घडवायला वेळच नव्हता, म्हणून बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून. बोर्डावर कार्डं लावायला पाच स्लॉट. आणि इतरांनी त्या स्लॉटसाठी कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत बोर्डाचे सर्किट नकाशेच काय, बायोसचा, म्हणजे मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, संपूर्ण कोडही छापून टाकला.

कोड छापला म्हणजे फुकट दिला असं मात्र नव्हे. तो कॉपीराइटखाली होता, आणि आयबीएमच्या हाती एवढाच एक लगाम उरला होता. तो सोडवण्याची रीत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एका गटाने मूळ बायोस वाचायचा आणि तो नेमकं काय काय करतो ते फक्त लिहून द्यायचं. ज्यांनी मूळ कोड डोळ्यांनीही पाहिलेला नाही अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कोड लिहायचा. कॉम्पॅकने याच मार्गाने आपला पोर्टेबल पीसी १९८२ च्या अखेरीस जाहीर केला. १९८४ मध्ये फिनिक्सने असा बायोस कोणत्याही उत्पादकाला विकायला काढला आणि पीसी एका कंपनीचा राहिला नाही.

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेत ‘मायक्रो चॅनल’ हा नवा स्लॉट आणला. तांत्रिकदृष्ट्या तो चांगला होता, पण त्यासाठी परवाना लागत होता. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुन्या कार्डांनाही चालेल असा ‘ईसा’ स्लॉट जाहीर केला. दोन्ही स्लॉट आज इतिहासजमा आहेत. तरीही ती लढाई आयबीएमने जिंकली असती, तर घरच्या टेबलावर पीसी जोडण्याचा छंद रुजलाच नसता असं माझं ठाम मत आहे.

खुल्या रचनेची किंमत वापरणाऱ्याने मोजली. पहिल्या पीसीत रॅम वाढवली की बोर्डावरचे बारीक स्विच बदलून मशीनला तसं सांगावं लागे. खरा त्रास इंटरप्टचा होता. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असेल तर त्याला एक आयआरक्यू क्रमांक लागतो. पहिल्या पीसीत असे आठ क्रमांक होते, १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये ते सोळा झाले आणि त्यांतले बरेचसे आधीच वाटले गेलेले. सुरुवातीची साउंड ब्लास्टर कार्डं, जी १९८९ मध्ये आली, आयआरक्यू ७ वर लावलेली येत, आणि ७ हाच प्रिंटर पोर्टचाही क्रमांक होता. सिरियल पोर्टांतले पहिला आणि तिसरा एकच क्रमांक वाटून घेत. माऊस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असेल तर माऊस हलवताच जोडणी तुटायची. दोन्ही वस्तू धडधाकट, आणि एकत्र आल्या की बिघाड! उपाय म्हणजे कॅबिनेट उघडायचं, चिमट्याने जम्पर उचलायचा, शेजारच्या दोन पिनांवर बसवायचा आणि कुठल्या कार्डाला काय दिलं ते कागदावर लिहून ठेवायचं. नवीन भाग एका वेळी एकच लावावा, हा आजही दिला जाणारा सल्ला या काळातला आहे.

त्याच्या जोडीला मेमरीचं कोडं होतं. ८०८८ ला वीस ॲड्रेस लाइन, म्हणजे एकूण आवाका १ मेगाबाइटचा. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट व्हिडिओ आणि रॉमसाठी राखलेले, म्हणून प्रोग्रॅमसाठी उरले ६४०. पुढे मशीनमध्ये ४ मेगाबाइट रॅम आली तरी डॉसच्या, म्हणजे त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, गेमला त्या ६४० मध्येच जागा शोधावी लागे. माऊसचा ड्रायव्हर, सीडी-रॉमचा ड्रायव्हर असे सगळे तिथेच ठाण मांडून बसत, आणि गेम म्हणे, मेमरी कमी पडते. मग कॉन्फिग डॉट सिस फाइल उघडून ओळींचा क्रम बदलायचा, एखादा ड्रायव्हर वरच्या भागात ढकलायचा आणि रीस्टार्ट करायचं. पुष्कळ जण एकेका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवत. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या ‘डूम’ने डॉस एक्स्टेंडर, म्हणजे गेमला ६४० च्या पलीकडची रॅम वापरू देणारा प्रोग्रॅम, वापरून ही भिंत ओलांडली, पण त्याबदल्यात निदान ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम मागितली. एका गेमपायी मशीन अपग्रेड करायचं, ही गोष्ट त्याने अनेक घरांत पहिल्यांदा पोहोचवली.

१९९५ हे वर्ष महत्त्वाचं, आणि ते फक्त विंडोज ९५ मुळे नाही. प्लग अँड प्लेने आयआरक्यूचं वाटप मशीनकडे सोपवायला सुरुवात केली हे खरं. त्याच वर्षी इंटेलने बोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा एकमेकांना जुळावेत म्हणून एटीएक्स मांडणी जाहीर केली, आणि जोडणाऱ्यासाठी ती मला तितकीच मोठी वाटते. जुन्या एटी बोर्डाला एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, शेजारी शेजारी दोन कनेक्टर येत, पी८ आणि पी९, प्रत्येकी सहा तारांचे. ते एकमेकांच्या जागी लावता येत, आणि तसे लावून चालू केलं तर बोर्ड जळू शकत असे. आडाखा एकच होता: दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये, एकमेकींना लागून. कनेक्टर किंचित तिरका धरून त्याचे दात आधी अडकवायचे आणि मग सरळ दाबायचा. एटीएक्सने त्या जागी वीस पिनांचा एकच कनेक्टर दिला, जो उलटा बसतच नाही. चूक शक्यच होऊ नये अशी रचना करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. एटीएक्सची स्क्रूंची ठेवण आजही टिकून आहे, त्यामुळे चांगलं कॅबिनेट कितीतरी बोर्डांना पुरतं.

जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ हा गेम आला आणि खरेदीचं गणितच बदललं. तोवर मेगाहर्ट्झचा आकडा बघून प्रोसेसर घेतला जाई. क्वेकमध्ये भिंतींवरची चित्रं दूर-जवळ योग्य दिसावीत म्हणून सोळा पिक्सेलमागे एक भागाकार होत असे, आणि कोड असा विणला होता की पेंटियमचा फ्लोटिंग पॉइंट विभाग, म्हणजे अपूर्णांकांची गणितं करणारा भाग, तो भागाकार करत असतानाच उरलेला प्रोसेसर पुढचे पिक्सेल काढी. सायरिक्सचे ६×८६ प्रोसेसर रोजच्या कामात पेंटियमच्या बरोबरीचे, पण या एका कामात मागे पडले. आपल्याला जे चालवायचं आहे त्यावरच मोजून बघा, हा धडा इथला आहे.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड आलं. ते फक्त त्रिमितीय चित्र काढत असे. रोजच्या कामासाठी आधीचं कार्ड लागेच, आणि त्याच्यातून आखूड केबल वूडूत, वूडूतून मॉनिटरकडे अशी जोडणी. काही कार्डांवर गेम सुरू होताना रिलेचा टक् असा आवाज येई आणि चित्र एका कार्डावरून दुसऱ्यावर जाई. १९९७ च्या सुरुवातीला त्यावर चालणारा क्वेक मिळू लागला, आणि ठोकळेबाज दिसणाऱ्या भिंती गुळगुळीत झाल्या. पुढे १९९८ च्या वूडू२ मध्ये दोन कार्डं जोडून आळीपाळीच्या ओळी काढण्याची सोयही आली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सने कार्डं बनवणारी एसटीबी ही कंपनी घ्यायचं ठरवलं, आणि आजवर त्यांच्या चिप घेणारे कार्ड-उत्पादक एकदम प्रतिस्पर्धी झाले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घ्यायचं जाहीर केलं.

उष्णतेचा काळ सुरू व्हायला एक स्वस्त प्रोसेसर कारणीभूत झाला. ऑगस्ट १९९८ चा सेलेरॉन ३००ए. बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाचा, वेग गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग. सेलेरॉनचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की ४५०, आणि बहुतेक नग ते सहज पेलत, कारण १२८ किलोबाइटचा कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी मेमरी, चिपच्या आतच, पूर्ण वेगाने चालणारा होता. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात चालवणं, तोवर मोजक्या लोकांचं काम होतं. या चिपने ते घरोघरी नेलं, आणि बायोसमधूनच बस बदलू देणारे बोर्ड त्याच्या मदतीला होते.

मग प्रोसेसर झपाट्याने तापू लागले. एएमडीच्या सॉकेट ए वरच्या ॲथलॉनमध्ये सिलिकॉनचा उघडा तुकडा वर दिसत असे. त्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा जड हीटसिंक टेकवून त्याची स्टीलची क्लिप स्क्रूड्रायव्हरने जोर लावून खाली ओढायची आणि सॉकेटच्या कानात अडकवायची. हीटसिंक कलला तर सिलिकॉनचा कोपरा उडे, स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावरची रेघ कापली जाई. सुरुवातीच्या ॲथलॉनना स्वतःला बंद करण्याची सोय नव्हती. हीटसिंक निसटला तर काही सेकंदांत चिप संपायची. आज प्रोसेसर तापला की वेग उतरवतो, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद करतो. त्यामुळे चिप मरते कमी आणि दोष लपतो जास्त. गेम वीस मिनिटांनी अडखळायला लागला तर आधी तापमान बघावं ते यासाठी.

२००० नंतरच्या काही वर्षांत मशीन अधूनमधून अडकायचं, रॅम बदलली तरी फरक नाही, विंडोज नव्याने टाकलं तरी नाही. दोष निघायचा प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये. आतलं इलेक्ट्रोलाइट सदोष असलेले कपॅसिटर त्या काळात कितीतरी उत्पादकांच्या बोर्डांत गेले होते. बोर्ड आडवा धरून नजर त्याच्या पातळीला आणली की सपाट असायला हवीत ती ॲल्युमिनियमची डोकी फुगलेली दिसत, वरच्या खाचेतून तपकिरी द्रव सुकलेला. मी असा पहिला बोर्ड पाहिला तेव्हापासून कुठलंही जुनं मशीन समोर आलं की सॉफ्टवेअरआधी बोर्ड बघतो.

विजेचा हिशेब तर आकड्यांतच दिसतो. पहिल्या आयबीएम पीसीचा अख्खा एसएमपीएस ६३.५ वॉटचा. पेंटियम ४ च्या वेळी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टऐवजी १२ व्होल्टवरून घेण्याची रीत रुजली आणि बोर्डावर चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, ही तक्रार तिथूनची. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट ७५ वॉट देतो, आठ पिनांची केबल १५०. २०२२ मध्ये आलेल्या सोळा पिनांच्या कनेक्टरची मर्यादा ६००. बारा व्होल्टला हे होतात ५० ॲम्पिअर, आणि ते बारीक पिनांच्या सहा जोड्यांतून जातात. कनेक्टर पूर्ण आत बसला नाही की ठरावीक पिनांवर भार येतो आणि प्लास्टिक वितळतं. त्या वर्षी तसं घडू लागल्यावर पुढच्या आवृत्तीत सूचना देणाऱ्या पिना आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर अर्धवट असेल तर कार्डाला ते कळावं. काळ्या तारांचा आडाखा जाऊन तीसेक वर्षं झाली, आणि कनेक्टर नीट बसलाय का हे डोळ्यांनी तपासायची वेळ पुन्हा आली याचं मला वाईट वाटतं.

आता दोष वाटाघाटीत असतो. रॅमच्या पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये तिचे वेग लिहिलेले असतात, बोर्ड ते वाचतो आणि आधी सुरक्षित वेग धरतो. पट्टीच्या पाकिटावरचा आकडा हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं. ही सोय इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ या रॅमच्या पिढीबरोबर आणली, आणि ती चालू न करता वर्षानुवर्षं मशीन वापरणारे मी पाहिलेत. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा चालू करताना बोर्ड प्रत्येक तारेचं टायमिंग स्वतः जुळवून बघतो. त्यात कधीकधी काही मिनिटं जातात आणि स्क्रीन काळीच असते. अशा वेळी घाईने बंद केलं की जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते.

मी एक मशीन असं दोनदा बंद केलं, दोनदा रॅम काढून बसवली. तिसऱ्या वेळी हात लावला नाही. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीरॅमचा पिवळा दिवा बराच वेळ तसाच राहिला, मग विझला आणि पुढचा लागला. १९८१ च्या त्या छापलेल्या बायोसमधली तपासणीही साधारण याच क्रमाने जाते: प्रोसेसर, मेमरी, व्हिडिओ, डिस्क. सगळं ठीक असेल तर शेवटी स्पीकरमधून एक छोटा बीप.