सोलापूर जिल्ह्यातला तिसरा झेंडा: १९५२ पासूनची पार्श्वभूमी

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेची मतमोजणी झाली. राज्यभर महायुतीची लाट होती, आणि त्याच दिवशी सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. समोर दोन शिवसेना होत्या: शिंदे यांच्या सेनेचे शहाजीबापू पाटील आणि ठाकरे यांच्या सेनेचे दीपक साळुंखे. राज्यात शेकापला मिळालेली ही एकच जागा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं फावलं, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण सोलापूर जिल्ह्यात हा तिसरा फार जुना आहे, आणि त्याला केवळ ‘मतं खायला उभा राहिलेला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच पाहा. तेव्हा सोलापूर लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. देशभर काँग्रेसचा बोलबाला असताना सोलापूरकरांनी या दोन्ही जागा काँग्रेसला नाकारल्या. सर्वसाधारण जागेवर शेकापचे शंकरराव मोरे निवडून आले, तर राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. याच निवडणुकीत मुंबईत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले होते. फेडरेशनला देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यांतली एक आमची.

शेकाप हे काँग्रेसच्याच पोटातून निघालेलं लेकरू. शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही मंडळी स्वातंत्र्याच्या सुमारास बाहेर पडली. शेतकऱ्याचं राज्य येईल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांचा भ्रमनिरास त्यामागे होता. पुढे यातले बरेच मोठे नेते काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पक्षाला पुन्हा बळ दिलं, पण राज्य मिळाल्यावर १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या आणि शेकाप १५ वर थांबला. त्या पंधरांत सांगोल्याचे एक तरुण वकील होते, गणपतराव देशमुख. तालुक्याचे आबासाहेब.

आबासाहेब एकंदर अकरा वेळा आमदार झाले. १९७२ ला हरले, तर १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापूंकडून अवघ्या १९२ मतांनी हरले, तर १९९९ ला परत आले आणि २०१४ पर्यंत हलले नाहीत. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात ते मंत्री होते. पण सांगोल्यात त्यांची ओळख मंत्री म्हणून नाही. एसटीने फिरणारा आमदार, ही ओळख.

साध्या राहणीचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते खरी गोष्ट पाण्याची आहे. सांगोला हा माणदेशाला लागून असलेला अवर्षणाचा तालुका. कृष्णेचं पाणी उचलून या माळावर आणता येईल, ही मागणी घेऊन आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब त्यांत पुढे होते. दुष्काळी तेरा तालुक्यांतली माणसं तिथे जमायची, आणि मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समान वाटपाची होती. टेंभू, म्हैसाळ या योजनांचं पाणी पुढे पोचलं त्यामागे हा अनेक वर्षांचा तगादा आहे. सत्तेत नसलेला आमदार काय करणार, या प्रश्नाला सांगोल्याने दिलेलं हे उत्तर. डाळिंबाच्या बागा आणि सहकारी सूतगिरणीही आबासाहेबांच्याच काळातली.

२०१९ ला आबासाहेब थांबले. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. पक्ष त्यांच्याबरोबर संपेल असं वाटणाऱ्यांना २०२४ चा निकाल वाचायला हवा. बाबासाहेब हेही त्यांचे नातूच. घराण्याचा वारसा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

शहरातला तिसरा झेंडा वेगळ्या मातीतला. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आज जिला आपण जुनी गिरणी म्हणतो. गिरण्यांभोवती कामगार वस्त्या वाढल्या, तेलंगणातून आलेले विणकर पूर्व भागात स्थिरावले, हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि घराघरांतल्या बायका बिड्या वळू लागल्या. या वस्त्यांतून लाल बावटा उभा राहिला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, शहर दक्षिणमधून १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा निवडून आले. सलग एकदाही नाही, हे लक्षात घ्या. दर वेळी लोकांनी त्यांना घरी बसवलं आणि पुन्हा बोलावलं.

२००९ ला मतदारसंघांची फेररचना झाली. नव्या शहर मध्यमध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी मास्तरांना हरवलं, आणि २०१४, २०१९ लाही ती जागा राखली. दरम्यान तिसऱ्याची जागाच बदलली. २०१९ आणि २०२४ ला इथे दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम होता.

तिसऱ्याने कुणाची किती मतं खाल्ली, हा वजाबाकीचा हिशेब इथूनच सुरू होतो. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी हरले, आणि वंचित बहुजन आघाडीकडून उभ्या असलेल्या प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मतं पडली. ‘वंचितने पाडलं’ हे वाक्य तेव्हापासून कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येतं. ही मतं मुळात काँग्रेसचीच होती, असं धरल्याशिवाय ते वाक्य उभं राहत नाही. राजभोजांना निवडून देणाऱ्या जिल्ह्यात असं कसं धरायचं?

नियमही तिसऱ्याच्या बाजूचे नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. अनामत दहा हजार रुपये, राखीव प्रवर्गाला पाच हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं पडली नाहीत तर ती जप्त. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्ष वर, नोंदणीकृत पक्ष त्याखाली, अपक्ष सगळ्यांत शेवटी. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीनंतर. २०२४ ला माघार ४ नोव्हेंबरला संपली आणि प्रचार १८ ला. चौदा दिवसांत चिन्ह वाडी-वस्तीवर पोचवायचं. तरीही २०१९ ला करमाळ्यातून संजयमामा शिंदे आणि बार्शीतून राजेंद्र राऊत अपक्ष निवडून आले. २००९ ला पंढरपुरात भारत भालके यांनी स्वाभिमानी पक्षाकडून उभं राहून विजयसिंह मोहिते-पाटलांसारख्या मातब्बराला हरवलं होतं.

मास्तरांकडे विळा-हातोडा-तारा होता, चिन्हाची अडचण नव्हती. २०२४ ला महाविकास आघाडीने शहर मध्यची जागा काँग्रेसला सोडली, मास्तर तरीही उभे राहिले आणि हरले. जागा भाजपच्या देवेंद्र कोठे यांनी जिंकली. त्याच वर्षी १९ जानेवारीला रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या होत्या. असंघटित कामगारांसाठीची तीस हजार घरांची ही योजना मास्तरांनी लावून धरलेली. त्याआधी बिडी कामगार बायकांसाठीची गोदूताई परुळेकर नगरातली दहा हजार घरंही त्यांच्याच पाठपुराव्याची. दोन्ही वसाहती कुंभारीला, शहराच्या हद्दीबाहेर. ज्यांना घर मिळालं त्या तिकडे राहायला गेल्या, आणि शहर मध्यच्या यादीत कुंभारी येत नाही.