पेनिसिलीन किण्वनातील तापमान

पेनिसिलियम वंशातील बुरशी टाकीत वाढवून पेनिसिलीन मिळवताना टाकीतील द्रावाचे तापमान किती ठेवावे आणि ते केव्हा बदलावे, हा या प्रक्रियेतील कळीचा प्रश्न आहे. ही बुरशी सर्वांत जोमाने वाढते ती ३०° से.च्या आसपास; पेनिसिलीन मात्र त्याहून थंड वातावरणात, साधारण २० ते २५° से.ला, अधिक साठते. बुरशीच्या वाढीला मानवणारे तापमान आणि औषध मिळवायला माणसाला सोयीचे तापमान एक नाही, आणि सगळी कसरत त्यामुळेच करावी लागते.

या औषधाच्या शोधातही तापमानाचा मोठा वाटा होता. १९२८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवर गेले, तेव्हा स्टॅफिलोकोकस जिवाणूंची एक बशी ३७° से.च्या उबवणी पेटीत न जाता टेबलावरच राहिली. त्यांचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी पुढे त्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदी तपासल्या. जुलैअखेरीस लंडनमध्ये गारवा होता, मग ऊब वाढली. हेअर यांच्या मते गारव्यात बुरशी आधी वाढली आणि तिने पेनिसिलीन तयार केले. जिवाणू नंतरच्या उबेत वाढू लागले आणि बुरशीजवळचे मेले. पेनिसिलीन वाढत्या जिवाणूंनाच मारते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. बशी उबवणी पेटीत गेली असती, तर जिवाणू आधीच वाढून बसले असते. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

पेनिसिलीन हे दुय्यम चयापचयी द्रव्य आहे; बुरशीला जगण्या-वाढण्यासाठी त्याची गरज नसते. साखर भरपूर आणि ऊब पुरेशी असली की ती तंतू वाढवण्यात गुंतते. वाढ मंदावली की या द्रव्याकडे वळते. तापमान उतरवणे हा वाढ मंदावण्याचा एक मार्ग. उबदार द्रावात बुरशीला नुसते जिवंत राहण्यासाठीही जास्त साखर जाळावी लागते, आणि तयार झालेले पेनिसिलीन लवकर विघटित होते. प्राणवायूची अडचण वेगळीच. हवेच्या संपर्कातील शुद्ध पाण्यात २०° से.ला लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३०° से.ला सुमारे ७.५ मिग्रॅ.च. बुरशीला तो श्वसनासाठी तर लागतोच, शिवाय पेनिसिलीनच्या रेणूतील अणूंची दोन्ही कडी ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) जुळतात त्यालाही लागतो. तंतूंनी दाट झालेल्या द्रावात हवा खेळवणे आधीच अवघड, त्यात ही घट जाणवते.

म्हणून एकच तापमान शेवटपर्यंत धरून ठेवणे हा मधला मार्ग झाला, उत्तम मार्ग नव्हे. १९७० मध्ये कॉन्स्टंटिनिडीस, स्पेन्सर आणि गॅडन यांनी गणिती प्रारूप मांडून तापमानाचा क्रमच ठरवला: सुरुवातीला ३०° से.ला बुरशी वाढू द्यायची, मग २०° से.पर्यंत उतरवून बराच काळ पेनिसिलीन बनू द्यायचे आणि शेवटी २५° से.वर आणायचे. सतत २५° से. ठेवण्यापेक्षा उत्पन्न सुमारे १५ टक्के अधिक येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारखान्यात मात्र २५° से.च्या आसपासचे स्थिर तापमान बराच काळ रूढ राहिले. हजारो लिटर द्राव दहा अंशांनी उतरवणे खर्चाचे असते.

बुरशी स्वतःही उष्णता निर्माण करते, आणि ढवळणाऱ्या पात्यांची उष्णता त्यात मिळते. टाकी मोठी होत जाते तसे तिच्या आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ कमी पडते; बाहेरून पाणी फिरवून भागत नाही, आत नळ्यांची वेटोळी बसवावी लागतात. उष्ण प्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. अशा हवामानात कूलिंग टॉवरचे पाणीच बहुतेक वेळा २५° से.च्या आसपास किंवा त्याहून गरम असते, तेव्हा द्राव त्या तापमानाला ठेवायचा तर यंत्राने गार केलेले पाणी लागते. विजेचा खर्च मग औषधाच्या किमतीत येतो.

टाकी रिकामी झाल्यावरही थंडाव्याची गरज संपत नाही. बुरशी गाळून उरलेला द्राव आम्लधर्मी केला, की पेनिसिलीन सेंद्रिय द्रावकात उतरते. पण आम्लात ते भराभर नष्टही होते. त्यामुळे हे काम जवळजवळ गोठणबिंदूपाशी आणि झटपट उरकतात.

इतर बुरशींमध्ये हे गणित बदलते. कोजी या बुरशी चढवलेल्या जपानी धान्यातली अॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी साके या तांदळाच्या मद्यासाठी वाढवताना अखेरीस ४०° से.च्या आसपास नेतात, कारण त्या उबेत पिष्ट फोडणारी विकरे अधिक बनतात. सोया सॉससाठी तीच बुरशी थंड ठेवतात. तिथे प्रथिने फोडणारी विकरे हवी असतात.