फितूर

फितूर म्हणजे ज्याची निष्ठा दुसऱ्या कोणी आपल्याकडे वळवून घेतली आहे, असा माणूस. मूळ अरबी ‘फुतूर’ म्हणजे शैथिल्य, ढिलेपणा. फारसीच्या वाटेने शब्द मराठीत आला. हिंदीत त्याचा अर्थ डोक्यातले खूळ असा झाला, मराठीत मात्र तो इमानाशी जोडला गेला. फितणे, फितवणे, फितवा, फितुरी हे याच अर्थाभोवतीचे शब्द. (फितवा म्हणजे फतवा नव्हे, घोळ मात्र नेहमी होतो.) कट, बेदिली हा जुना अर्थ ‘फंदफितुरी’त अजून दिसतो.

बंडखोर उघड उठतो. फितूर जागेवरच असतो, चाकरी चालू असते, फक्त मन पलीकडे गेलेले असते. शिवाय ‘फितला’ म्हटले की ‘कोणी फितवला?’ हा प्रश्न आलाच. ‘गद्दार’ या शब्दाला असा दुसरा माणूस लागत नाही. किल्ल्यांच्या राजकारणात ही धास्ती खरीच होती: तोफांना दाद न देणारा गड एका माणसाच्या फितुरीने जाऊ शके. म्हणूनच शिवकाळात गडाचा कारभार हवालदार (गडाचा प्रमुख), सबनीस (हिशेब-दप्तर पाहणारा) आणि सरनोबत (शिबंदीचा प्रमुख) अशा तिघांत वाटलेला असे. एकाला फितवून भागत नसे.

आज हा शब्द मुख्यतः कोर्टाच्या बातम्यांत भेटतो. पोलिसांपुढे सगळे सांगितलेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, ‘मी काही पाहिलं नाही.’ मग सरकारी वकील परवानगी मागतात आणि आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात. दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘साक्षीदार फितूर’. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये हीच तरतूद होती, पण अशा साक्षीदाराला त्यात कोणतेही नाव दिलेले नव्हते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. साक्षीदार उलटला म्हणून त्याची सगळी साक्ष बाद होत नाही. विश्वासार्ह वाटेल तेवढा भाग न्यायालय घेऊ शकते.

मराठी मथळा मात्र कायद्याच्या पुढे जातो. साक्षीदार घाबरलेला असेल, विसरला असेल, किंवा पोलिसांनीच जबाब चुकीचा लिहिला असेल. ‘फितूर’ म्हणताच त्याला कोणीतरी फोडले, हे गृहीत धरले जाते. ‘साक्ष फिरवली’ एवढे म्हटले तर तो आरोप टळतो.